टेक्सासमध्ये सहकुटुंब बार्बेक्यू : शाकाहारी आई, मधुमेही बाबा आणि एकच टेबल

मानपाडेकर

नमस्कार मंडळी,

जून महिन्यात आम्ही ठाण्याहून सहकुटुंब धाकट्या भावाकडे, टेक्सासमधील ऑस्टिन शहरी जाणार आहोत. आई-बाबा, मी, पत्नी आणि दोन मुले असे इथून निघणारे सहा जण, आणि तिथे भाऊ व वहिनी. आई कट्टर शाकाहारी असून तिला अंडेही चालत नाही. बाबा मासे आणि कोंबडी खातात, परंतु त्याच्या पलीकडे काही नाही, आणि गेली काही वर्षे त्यांना मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत. मी आणि मुले बाबांच्याच पंक्तीतले. भाऊ तिथे सर्व काही खातो. हे घरात सर्वांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

भावाची फार इच्छा आहे की एके दिवशी सर्वांनी मिळून तिथल्या एखाद्या नामांकित बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे, कारण त्याच्या मते टेक्सासला येऊन ते न पाहणे म्हणजे काहीच न पाहणे. आईचे म्हणणे, "तुम्ही सगळे जा, मी घरी वरणभात करून खाईन." नेमके हेच मला टाळायचे आहे. इतक्या लांब जाऊन, वर्षानुवर्षांनी सगळे एकत्र आल्यावर, एकीला घरी ठेवून बाकीच्यांनी जेवायला जाणे मला पटत नाही, आणि तिला नुसते सोबत नेऊन समोर पावाचा तुकडा ठेवणे तर त्याहून पटत नाही.

आमचा बार्बेक्यूचा अनुभव म्हणजे टेबलाच्या मध्यभागी शेगडी बसवलेली आपल्याकडची रेस्टॉरंटे. तिथे आई अगदी आनंदाने येते, कारण पनीर, मशरूम, अननस यांच्या सळया येतच राहतात, आणि नको झाले की टेबलावरचा छोटा झेंडा खाली करायचा, एवढेच काम. भाऊ म्हणतो की तिथला प्रकार याच्याशी नावापुरताच जुळतो. ज्यांनी वृद्ध आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन अशा ठिकाणी जेवण केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आईला काय खाता येईल, बाबांना काय मागवावे, आठ जणांसाठी किती मागवावे आणि रांगेचे काय करावे, हे माझे मुख्य प्रश्न आहेत.

बेलापूर_व्हाया_ह्यूस्टन

मानपाडेकर, आम्ही बरीच वर्षे ह्यूस्टनला होतो, आता बेलापूरला परतलो आहोत. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी बार्बेक्यूला न्यावा लागत असे, त्यामुळे तुमच्या प्रश्नातील जवळजवळ प्रत्येक अडचणीशी आमची जुनी ओळख आहे. थोडे लांबेल, पण सविस्तर लिहितो.

भाऊ म्हणतो ते खरे आहे. आपल्याकडे बार्बेक्यू नेशनने २००६ साली मुंबईत पहिले रेस्टॉरंट उघडले आणि टेबलावरची शेगडी हीच आपल्या मनातील बार्बेक्यूची व्याख्या होऊन बसली. तिथे मसाला लावलेला लहान तुकडा थेट निखाऱ्यांवर काही मिनिटे भाजला जातो. मध्य टेक्सासमध्ये याच्या उलट असते. मांसाचा अखंड मोठा तुकडा बंद भट्टीत, आगीपासून दूर, साधारण १०७ ते १३५ अंश सेल्सिअसच्या धुरात तासन्‌तास ठेवतात. गाईच्या छातीकडील भाग, ज्याला ब्रिस्किट म्हणतात, तो तिथला मानाचा पदार्थ. हा भाग अतिशय चिवट असतो, आणि त्यातील कोलॅजेन हे चिवट प्रथिन वितळून मांस मऊ पडायला दहा ते चौदा तास, कधी त्याहून अधिक लागतात. मधल्या काळात पृष्ठभागावरील ओलावा उडत राहिल्यामुळे मांसाचे तापमान सत्तर अंशांच्या आसपास कित्येक तास अडून बसते आणि आचाऱ्याला वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. लाकूड बहुधा पोस्ट ओकचे, आणि मसाला म्हणजे मीठ व भरडलेली काळी मिरी.

हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या रांगेच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आज दुपारी जे विकायचे ते काल रात्रीच भट्टीत गेलेले असते, आणि ते संपले की दुकान बंद होते. मागणी वाढली म्हणून आणखी करता येत नाही. त्यामुळे ऑस्टिनमधील प्रसिद्ध ठिकाणी अकराला दार उघडत असले तरी लोक सकाळपासून घडीच्या खुर्च्या घेऊन रांगेत बसतात. आपल्याकडे मामलेदारच्या मिसळीसाठी लोक ताटकळतात तशीच ही रांग, फक्त काही तासांची. २०२४ साली उत्तम रेस्टॉरंटांना तारे देणारी मिशेलिनची मार्गदर्शिका पहिल्यांदा टेक्सासमध्ये आली आणि चार बार्बेक्यूवाल्यांना एकेक तारा मिळाला. त्यांतील तीन ऑस्टिनमधील आणि एक ह्यूस्टनजवळच्या स्प्रिंगमधील आहे. माझा स्पष्ट सल्ला असा की वृद्ध सोबत असताना तारा, मासिकांतील क्रमवारी आणि चित्रफिती यांच्या मागे लागू नये. दुसऱ्या फळीतील ठिकाणीही उत्तम मिळते आणि शनिवार-रविवार टाळला तर फार थांबावे लागत नाही. कित्येक ठिकाणी आगाऊ मागणी नोंदवून ठरल्या वेळी घेता येते. भावाने त्याची चौकशी आधीच करून ठेवावी.

आता मुख्य गोष्ट. मिश्र आहाराच्या घराने बार्बेक्यूला जाताना शाकाहारी माणसाचे जेवण सर्वांत आधी ठरवावे आणि मांसाचा विचार त्यानंतर करावा. आपण सर्व जण नेमके याच्या उलट करतो. काउंटरपाशी पोहोचल्यावर समोर मांस कापणारा माणूस सुरी घेऊन उभा असतो, तो "किती पाऊंड?" विचारतो, मागे रांग असते, गडबडीत मांसाची मागणी होते, आणि मग शेवटी कोणीतरी म्हणतो, "अरे, आईसाठी काय?" तोवर आईने "मला भूक नाही" म्हणून टाकलेले असते.

आईसाठी काय, ते सांगतो. तोंडीलावण्यांच्या यादीत जे शाकाहारी दिसते ते शाकाहारी असेलच असे नाही. पिंटो बीन्स, म्हणजे आपल्या राजम्याच्या भाऊबंदांपैकी एक ठिपकेदार कडधान्य, हे बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी किंवा ब्रिस्किटचे उरलेले तुकडे घालूनच शिजवतात. तीच गोष्ट कॉलर्डच्या पालेभाजीची. बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि कोबीच्या कोलस्लॉमध्ये बहुधा मेयोनेज असते, म्हणजे अंडे आले. कॉर्नब्रेडमध्येही अंडे असते. तळलेले पदार्थ गाईच्या चरबीत तळले आहेत का, हे विचारावेच लागते. बनाना पुडिंगमध्ये अंडे आहे का, हेही विचारावे. मॅकरोनी-चीज बहुधा चालते, चीज करताना वापरल्या जाणाऱ्या रेनेटचा (वासराच्या जठरातील विरजणासारख्या द्रव्याचा) काटेकोर विचार करणारे असाल तर मात्र नाही. निश्चितपणे उरते ते म्हणजे भाजलेला अख्खा बटाटा, मक्याचे कणीस, कांदा, लोणच्याची काकडी, हालापेन्यो मिरची, पांढरा पाव आणि फळे. भाजलेला बटाटा मात्र साधा मागवावा आणि लोणी, चीज, सावर क्रीम वेगळे घ्यावे, कारण वरून मांस पेरून देण्याची पद्धत आहे. अलीकडच्या काही नव्या ठिकाणी फणस किंवा फ्लॉवरही धुरावर ठेवून देतात. तो एकाच भट्टीत असतो की वेगळा, हे आईच्या मनाला किती महत्त्वाचे आहे, ते तुम्हीच जाणता.

बाबांसाठी आणि मुलांसाठी टर्की किंवा कोंबडी. टर्कीच्या छातीचे काप टेक्सासमध्ये उत्तम असतात आणि आपल्या पाहुण्यांना तेच सर्वांत जास्त आवडलेले मी पाहिले आहेत. सॉसेजपासून मात्र दूर राहा. त्यात गाय आणि डुक्कर यांचे मिश्रण सर्रास असते, आणि टर्कीचे म्हणून विकले जाणारे सॉसेजही डुकराच्या आतड्याच्या आवरणात भरलेले असू शकते.

कळवा_पूर्व

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मला वेगळे म्हणायचे आहे. एवढा खर्च करून, एवढा प्रवास करून तिथे गेल्यावर भाजलेला बटाटा आणि टर्की खाण्यात काय अर्थ आहे? ज्या भूमीत जावे तिथले अन्न खावे. मुलांना तरी मोकळेपणाने सर्व चव घेऊ द्यावी. आईंच्या आवडीसाठी सगळ्या कुटुंबाचा बेत बदलणे मला अतिरेकी वाटते. त्यांना आदल्या दिवशी एखाद्या दक्षिण भारतीय हॉटेलात न्यावे आणि बार्बेक्यूला बाकीच्यांनी जावे. दोघांचेही समाधान होईल.

नौपाडा_जुनी_चाळ

कळवा पूर्व यांस, तुमचा मुद्दा खवय्याचा आहे आणि खवय्या म्हणून तो योग्यही आहे. परंतु धागाकर्त्याने "टेक्सासमध्ये सर्वोत्तम काय खावे" असे विचारलेले नाही. आठ माणसे एका टेबलावर कशी बसतील, असे विचारले आहे.

माझे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि मुलीकडे जाणे-येणे असते, म्हणून आईच्या बाजूने थोडे लिहिते. आमच्या पिढीतील बाईला भाजलेला बटाटा खावा लागतो याचे दुःख नसते. जन्मभर उपासाच्या दिवशी आम्ही आनंदाने तेच खाल्ले आहे. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो आहे, वेटरशी आपल्यासाठी हुज्जत घातली जाते आहे, ही भावना मात्र नको असते, आणि म्हणून आम्ही "तुम्ही जा" असे म्हणतो. तिचे ताट आधीच ठरलेले असेल, कोणालाही तिच्यासाठी चौकशी करत फिरावे लागणार नसेल, तर ती खुशाल येईल. दुसरे असे की टेबलावर तिची जागा वाऱ्याच्या बाजूला, मांसाच्या ताटापासून दूरच्या टोकाला द्यावी, पण एकटी टाकल्यासारखी नव्हे. शेजारी नातवंडांना बसवावे.

नातवंडांनी काय खावे हे त्यांच्या आई-वडिलांनी ठरवावे. आजीसमोर पहिल्यांदा गाईचे मांस चाखण्याचा प्रयोग मात्र करू नये. घरी परतल्यावर त्याची चर्चा जेवणापेक्षा लांब चालते.

कळवा_पूर्व

ताई, शेवटचे वाक्य मान्य. माघार घेतो.

ऐरोली_रात्रपाळी

टेक्सासचा अनुभव नाही, परंतु कंपनीच्या कामानिमित्त सोलमध्ये राहत असताना आई-वडील आले होते आणि त्यांना कोरियन बार्बेक्यूला नेले होते. विषयाशी संबंधित म्हणून लिहितो, कारण तिथे अडचण निराळ्या जागी येते.

कोरियात शेगडी टेबलातच असते, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना ते ओळखीचे वाटते. परंतु भाजणे, उलटणे आणि कात्रीने मांसाचे तुकडे करणे हे टेबलावरच्याच कोणालातरी करावे लागते. काही ठिकाणी कर्मचारी मदत करतात, अन्यथा हे काम बहुधा वयाने लहान असलेल्याकडे जाते. म्हणजे सहकुटुंब जेवणात एक माणूस सतत चिमटा हातात धरून असतो आणि त्याचे स्वतःचे जेवण शेवटी, गार झाल्यावर होते. आम्ही बहीण-भावांनी आळीपाळीने ते केले. एका पदार्थाच्या किमान दोन जणांपुरत्या वाट्या मागवाव्या लागतात, हेही एकट्या कोंबडी खाणाऱ्या वडिलांच्या बाबतीत अडले. मुळात सामग्योप्साल म्हणजे डुकराच्या पोटाकडील मांस आणि काल्बी म्हणजे बरगड्या हेच तिथे मुख्य. कोंबडी हवी असेल तर चुंचॉन शहराची ओळख असलेला, लोखंडी तव्यावरचा ताक्काल्बी हा प्रकार शोधावा.

आईसाठी दिसायला भरपूर होते, कारण बान्चान म्हणजे छोट्या वाट्यांतील तोंडीलावणी न मागता येतात आणि पुन्हा मागितली तरी त्यांचे पैसे पडत नाहीत. परंतु किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा रस असतो, आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचे सार सुकवलेल्या अँकोवी माशांच्या पाण्यात केलेले असते. शेवटी तिने लेट्यूसच्या पानात भात, कच्चा लसूण, हिरवी मिरची आणि साम्जांग नावाची तिखट सोयाबीन चटणी गुंडाळून खाल्ली, आणि ती तिला खरोखर आवडली. वडिलांनी जेवायला सुरुवात करेपर्यंत शेजारच्या टेबलावरील तरुण मुलेही थांबली होती, असे तिचे ठाम मत आहे. ती मुले त्यांच्या स्वतःच्या आजोबांसाठी थांबली होती. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय इतरांनी सुरू करायचे नाही, अशी तिथली रीत आहे.

टेक्सासमध्ये शिजवण्याचे काम भट्टीवाला आधीच करून ठेवतो, त्यामुळे तुमच्यापैकी कोणी चिमटा धरून अडकणार नाही. एका अर्थी सहकुटुंब जेवणाला ते अधिक सोयीचे दिसते.

मानपाडेकर

सर्वांचे आभार. नौपाड्याच्या ताईंचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त "बटाट्यावर घालायला जिऱ्या-मिरच्याची पूड नेऊ का?" असे विचारले. याचा अर्थ ती येणार आहे.

बेलापूरकर, दोन शंका आहेत. मांस कागदावर एकत्र येते असे भाऊ सांगतो. मग बाबांची टर्की आणि भावाचे ब्रिस्किट एकमेकांना लागणार नाही, याची सोय कशी करायची? आणि एका माणसामागे किती धरायचे?

बेलापूर_व्हाया_ह्यूस्टन

जिऱ्याची पूड अवश्य न्या. मी स्वतः शेंगदाण्याच्या चटणीची लहान डबी नेत असे.

कागदाची पद्धत जुनी आहे. मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक स्थलांतरितांची मांसाची दुकाने होती. न विकले गेलेले मांस ते धुरावर ठेवून टिकवत, आणि गिऱ्हाईक ते तिथेच, गुंडाळलेल्या तपकिरी कागदावर उलगडून खात असे. आजही ताटाऐवजी कागद अंथरलेला ट्रे येतो आणि मांस वजनावर मिळते. वजनावर मिळणे ही मिश्र घरासाठी वरदान ठरणारी गोष्ट आहे, कारण प्रत्येकाने ठरावीक थाळी घेण्याची सक्ती नसते. काउंटरवर पहिल्याच वाक्यात सांगावे की टर्की आणि कोंबडी वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या कागदावर हवी आहे आणि ती सर्वांत आधी, पुसलेल्या पाटावर कापावी. नम्रपणे सांगितले तर बहुतेक जण सुरीही बदलतात. तरीही टर्की त्याच भट्टीत, त्याच धुरात शिजलेली असते, हे बाबांना आधी सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्या सासऱ्यांनी ते ऐकून फक्त कोंबडी घेतली होती, जणू कोंबडीची भट्टी वेगळी होती. मी काही बोललो नाही.

म्हणजे तुमच्याकडे तीन ट्रे होतील: आईचा, टर्की-कोंबडीचा आणि भाऊ-वहिनीचा. तिन्ही एकाच लांब टेबलावर येतात.

प्रमाणाबद्दल सांगायचे तर एक पाऊंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. तिथले लोक माणशी अर्धा पाऊंड धरतात. आपल्या मंडळींना, विशेषतः मुलांना आणि ज्येष्ठांना, तोंडीलावण्यासकट १५० ग्रॅम म्हणजे साधारण पाऊंडाचा तिसरा हिस्सा पुरतो. तुमच्याकडे टर्की-कोंबडी खाणारे पाच जण आहेत असे धरले तर पाऊण किलोच्या आसपास मागवा. कमी पडले तर पुन्हा रांगेत उभे राहावे लागते हे खरे, पण नामांकित ठिकाणी ब्रिस्किट पाऊंडाला तीस डॉलरच्या पुढे असते आणि टर्कीही फार मागे नसते, त्यामुळे उत्साहात मागवलेले उरले की जीवाला लागते.

रांग अजिबात नको असेल तर आणखी एक मार्ग आहे. ऑस्टिनच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर ड्रिफ्टवुड येथे सॉल्ट लिक नावाचे १९६७ पासूनचे ठिकाण आहे. तिथे टेबलावर बसून मागवता येते, आणि सर्व पदार्थ मोठ्या भांड्यांतून टेबलाच्या मध्ये आणून ठेवण्याची, संपले की पुन्हा वाढण्याची सोयही आहे. दगडी उघड्या भट्टीवर टांगलेले मांस आत शिरताच दिसते. मुलांना ते पाहण्यात मजा येते, आईला कदाचित येणार नाही. त्या दारातून तिला थोडे लवकर पुढे न्यावे. मध्यभागी भांडी ठेवून सर्वांनी वाढून घेणे हा प्रकार पंगतीत वाढलेल्या माणसाला फार जवळचा वाटतो, परंतु तुमच्या घरासाठी मी तरी वजनावर मिळणारे ठिकाणच निवडेन, कारण त्या भांड्यांत मुख्य पदार्थ ब्रिस्किट, सॉसेज आणि बरगड्या हेच असतात आणि तुमच्या आठांपैकी दोघेच ते खाणार आहेत.

वेळ असेल तर लॉकहार्ट हे गाव पाहून या. ऑस्टिनपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि टेक्सासच्या प्रतिनिधीगृहाने १९९९ साली ठराव करून त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवले आहे. तिथल्या क्राइट्स मार्केटची स्थापना १९०० सालची. कित्येक दशके तिथे ना सॉस देत ना काटा-चमचा. पुढच्या पिढीत भाऊ-बहिणीत जागेवरून मतभेद झाले, आणि १९९९ साली भावाने धंद्याचे नाव घेऊन नवी इमारत बांधली तेव्हा जुन्या भट्टीतील निखारे टबात घालून रस्त्याने ओढत नव्या भट्टीत नेले. जुनी वास्तू बहिणीकडे राहिली आणि तिथे दुसऱ्या नावाने बार्बेक्यू सुरूच आहे. वाटणीत भांडी, जमीन, देव्हारा मागितलेला आपण पाहतो. इथे विस्तव नेला.

उलवे_खाडीकाठ

हे निखाऱ्यांचे वाचून राहवले नाही. मी आगरी आहे आणि आमच्याकडे थंडीत पोपटी लागते, ती ज्यांनी खाल्ली आहे त्यांना या धाग्यातील अडचण आणि तिचा उपाय दोन्ही ओळखीचे वाटतील.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा पाला, असे थर रचून तोंड पाल्यानेच घट्ट बंद करतात. मग मडके उलटे ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर अर्ध्या-पाऊण तासात सारे शिजते. एकाच मडक्यात कोंबडीचा रस शेंगांत उतरतो, आणि खाणाऱ्यांच्या दृष्टीने सगळी गोडी त्यातच आहे. परंतु आमच्याकडे पनवेल, ठाणे, डोंबिवलीहून पाहुणे येतात, त्यांत शाकाहारी असतातच. म्हणून आम्ही त्यांचे मडके वेगळे भरतो, ते आधी भरतो आणि त्याला खूण करून ठेवतो. जाळ मात्र एकच. दोन्ही मडकी एकाच वेळी फुटतात आणि सगळे एकाच चटईवर बसतात. शाकाहारी मडक्यातील शेंगा खायला नंतर कोंबडीवालेही येतात, हा त्यातील एकमेव तोटा आहे.

तुमच्या टेक्सासच्या भट्टीवाल्याला वेगळे मडके लावता येणार नाही, पण वेगळा ट्रे आणि तो आधी, हे बेलापूरकरांचे म्हणणे तेच आहे.

वाशी_आहारशास्त्र

मी आहारतज्ज्ञ आहे. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वडिलांच्या संदर्भात काही गोष्टी, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून पक्क्या कराव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यात ऑस्टिनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा ठाण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत हा बेत ठेवू नये. त्यातच ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन ते रांगेत उभे राहिले आणि जेवण दोन तास लांबले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. गोळी केव्हा घ्यायची हे आधी विचारून ठेवावे, आणि खिशात चणे-फुटाणे व चार-पाच ग्लुकोज बिस्किटे असावीत. जूनमध्ये तिथे पारा पस्तिशीला सहज टेकतो, त्यामुळे त्यांना रांगेत उभे करूच नये. एकाने रांग धरावी, बाकीच्यांनी सावलीत बसावे.

दुसरी गोष्ट, दक्षिणेकडच्या राज्यांत चहा मागितला की बर्फ घातलेला आणि साखर आधीच विरघळवलेला चहा मिळू शकतो. बिनसाखरेचा असे स्पष्ट म्हणावे. दाट, लालसर सॉसमध्ये बहुधा गूळवट काकवी किंवा साखर असते. टेक्सासमध्ये मांसावर फक्त मीठ-मिरी असते म्हणून साखरेची चिंता कमी, पण मीठ भरपूर असते आणि ते बाहेरच्या काळ्या थरात अधिक असते. वडिलांना आतले काप द्यावेत, लोणच्याची काकडी आईसाठी सोडावी.

तिसरी गोष्ट वारंवार विचारली जाते. धुरावर शिजलेल्या कोंबडीच्या किंवा टर्कीच्या कडेला गुलाबी छटा दिसते आणि आपले लोक ती कच्ची समजून परत करतात. लाकडाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी संयोग पावतात आणि शिजल्यानंतरही तो रंग टिकतो. रंगावरून निर्णय करता येत नाही. कोंबडी-टर्की आतून ७४ अंश सेल्सिअसला पोहोचली असेल तर ती सुरक्षित असते, आणि शंका आल्यास विचारावे, तिथे प्रत्येकाकडे तापमापक असतो.

उरलेले अन्न बांधून घेतले तर दोन तासांच्या आत शीतकपाटात गेले पाहिजे, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एका तासाच्या आत. तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवून पुढे पर्यटनस्थळे पाहत फिरू नये.

मानपाडेकर

एवढी नेमकी माहिती मिळेल अशी अपेक्षा नव्हती. भावाशी काल बोलणे झाले. पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी किंवा बुधवारी जायचे, प्रसिद्ध रांगेच्या ठिकाणी न जाता त्याच्या घराजवळील वजनावर देणाऱ्या ठिकाणी आगाऊ मागणी नोंदवायची, आणि फोनवर पहिला प्रश्न मक्याचे कणीस व साधा बटाटा आहे का, बीन्समध्ये काय घालतात, हा विचारायचा, असे ठरले आहे. त्याने तिथे कित्येकदा जेवण केले आहे, परंतु बीन्समध्ये काय असते हे त्याने आजवर कधी विचारलेले नव्हते. लॉकहार्टचे पाहू.

शेवटची शंका: आई दशम्या आणि तिळाची चटणी सोबत नेऊ म्हणते. रेस्टॉरंटमध्ये बाहेरचे अन्न काढलेले चालते का? आणि टीप किती द्यावी?

बेलापूर_व्हाया_ह्यूस्टन

आगाऊ मागणी नोंदवतानाच दशम्यांचे विचारून घ्या. वृद्ध व्यक्तीचे पथ्य आहे असे सांगितले तर, विशेषतः बाहेरच्या लाकडी बाकांवर बसणार असाल तर, माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलेले नाही. मात्र तुम्ही त्यांच्याकडून भरपूर घेत आहात हे त्यांना दिसले पाहिजे. आत बसून डबा उघडायचा असेल तर परवानगीशिवाय नको. चटणी-पूड यांना कोणी हरकत घेत नाही.

टेबलावर येऊन वाढणारे असतील तर पंधरा ते वीस टक्के देण्याची रीत आहे. काउंटरवर स्वतः जाऊन घेतले तर पैसे भरताना पडद्यावर टक्केवारीचे पर्याय येतात. तिथे देणे ऐच्छिक आहे, पण सुरी बदलून, पाट पुसून वेगळा ट्रे करून दिला असेल तर हात आखडता घेऊ नका.

आणि टर्की आगाऊ मागणीत स्पष्ट लिहून घ्यायला सांगा. ब्रिस्किटच्या मानाने ती थोडीच केलेली असते आणि बऱ्याचदा आधी संपते.

नौपाडा_जुनी_चाळ

दशम्या दुधात भिजवून केल्या तर दोन दिवस मऊ राहतात, पण तिथल्या उन्हात आदल्या रात्रीपेक्षा आधी करू नयेत. आणि चार जास्त कराव्यात. तुम्ही स्वतः सर्व काही खाता असे लिहिले नाहीत, धाकटा भाऊ खातो असे लिहिले आहे. तोच पहिल्यांदा मागेल.